टाकीवरचं सर्किट

एप्रिल लागला की खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेल या पट्ट्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरं ठसवलेल्या जाड वह्यांच्या चळती लागतात. मुलं त्यांना ब्लॅक बुक म्हणतात. आत सर्टिफिकेट, आभार, ब्लॉक डायग्रॅम, डेटाशीटमधून उचललेली पानं आणि शेवटाकडे ‘फ्यूचर स्कोप’ नावाचं हमखास प्रकरण. रस्त्यावर दुचाकीमागे बसलेल्या एखाद्याच्या मांडीवर प्लायवूडचा तुकडा असतो, त्यावर फेविक्विकने चिकटवलेलं सर्किट, आणि रंगीत वायरी वाऱ्याने निसटू नयेत म्हणून त्यावर दाबून धरलेला पंजा. त्या पंजाखाली सहा महिन्यांचं काम असतं, किंवा सहा हजार रुपयांचं. कोणतं, ते वरून कळत नाही.

खांदेश्वर हे हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल यांच्या मधलं स्टेशन. तळ्याकाठच्या शंकराच्या देवळाचं नाव त्याला मिळालं आहे. खांदा कॉलनीची माणसं इथूनच गाडी धरतात आणि कामोठ्याचीही. आजूबाजूला इंजिनिअरिंगची कॉलेजं दाटीवाटीने आहेत: नवीन पनवेलला पिल्लई, कामोठ्याला एमजीएम, खारघर परिसरात भारती विद्यापीठ, ए. सी. पाटील, सरस्वती, पुढे नेरूळला एसआयईएस आणि तेरणा. डिप्लोमावाले वेगळेच. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या ‘सी’ स्कीमने तिसऱ्या सेमिस्टरलाच मिनी प्रोजेक्ट आणला. तंत्रशिक्षण मंडळाच्या ‘आय’ स्कीमने डिप्लोमाच्या पाचव्या सेमिस्टरला कॅपस्टोन प्रोजेक्टचं नियोजन आणि सहाव्याला प्रत्यक्ष काम, अशी वाटणी केली. म्हणजे सर्किट जोडणाऱ्या मुलांची संख्या या पट्ट्यात एकेकाळी शेवटच्या वर्षापुरती होती, ती आता बारमाही झाली आहे.

या मुलांचं एक वाक्य प्रत्येक परीक्षकाला पाठ असतं. “सर, घरी चालत होतं.” परीक्षक हसतात, मार्क द्यायचे तेवढे देतात, पुढचा ग्रुप येतो. पण हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. घरी खरंच चालत होतं. ते दुसरीकडे का चालत नाही, याच्या उत्तरात इलेक्ट्रॉनिक्सचा जो भाग दडला आहे, तो वर्गात जवळजवळ शिकवलाच जात नाही. त्यासाठी या पट्ट्यातल्या मुलांचा सगळ्यात लाडका विषय घेऊ. पाण्याच्या टाकीची पातळी ओळखून पंप आपोआप चालू-बंद करणारं यंत्र.

विषय लाडका का, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. सिडकोच्या जुन्या इमारती असोत की नवे टॉवर, पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो, आणि तो पंप कधी लावायचा, कधी बंद करायचा हे वॉचमनकाकांच्या हातात असतं. पनवेल शहराला पाणी देणारं देहरंग धरण उन्हाळ्यात तळ दाखवतं, त्या दिवसांत पाणी कोणत्या वेळेला आणि किती येईल याचा नेम नसतो. काकांचा डोळा लागला तर गच्चीवरून पाणी वाहतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर भांडण सुरू होतं. अशी गरज डोळ्यांसमोर असताना विषय शोधायला लांब कशाला जायचं? मुलांची निवड बरोबर आहे. घोळ पुढे होतो.

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे प्रोब्ज. टाकीत वेगवेगळ्या उंचीवर तारा सोडायच्या, पाणी तारेला टेकलं की पाण्यातून किंचित करंट वाहतो, तो बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला मिळतो आणि एलईडी लागतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात प्लॅस्टिकच्या बरणीवर हे सर्किट देखणं चालतं. बरणीतलं पाणी संध्याकाळी ओतून टाकतात, म्हणून पुढे काय होतं ते कोणाला दिसत नाही. टाकीत त्या तारा चोवीस तास पाण्यात असतात आणि त्यांतून एकाच दिशेने करंट वाहत राहतो. हे इलेक्ट्रोलिसिस झालं. धन टोकाची तांब्याची तार झिजते, हिरवी पडते, शेवटी तुटते. आणि झिजलेलं तांबं जातं कुठे? इमारतीच्या पिण्याच्या पाण्यात. यावर उपाय जुने आणि स्वस्त आहेत. तारेऐवजी स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घ्याव्यात, करंट सतत न सोडता काही सेकंदांनी क्षणभरच सोडावा, आणि दर वेळी दिशा उलटवावी. मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये यासाठी चार ओळी लागतात. पण त्या चार ओळी सुचायला आधी बरणी महिनाभर भरलेली ठेवून पाहावी लागते.

आजची मुलं प्रोब्जना नाक मुरडतात. त्यांना अल्ट्रासॉनिक हवा असतो, कारण तो मॉडेलवर छान दिसतो. एचसी-एसआर०४ नावाचं दोन डोळ्यांचं मॉड्यूल शंभराच्या आसपास मिळतं. एक डोळा ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, दुसरा प्रतिध्वनी ऐकतो. मधल्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलं की अंतर सेंटिमीटरमध्ये येतं. तो ५८ कुठून आला, असं व्हायवाला विचारलं की अर्धे ग्रुप तिथेच थांबतात. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर एक सेंटिमीटर जायला आणि यायला जवळजवळ ५८ मायक्रोसेकंद लागतात. पण हा वेग २० अंश सेल्सिअसच्या हवेतला आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत पाण्यावरची हवा ४५ अंशांवर गेली, तर वेग ३५८ च्या आसपास जातो. पाणी सेन्सरपासून दीड मीटर खाली असेल तर यंत्र ते सुमारे १४४ सेंटिमीटरवर आहे असं सांगतं. सहा सेंटिमीटरचा फरक. तीन मीटर बाय दोन मीटरच्या टाकीत सहा सेंटिमीटर म्हणजे ३६० लिटर पाणी, जे यंत्राच्या मते आहे आणि टाकीत नाही. तापमान मोजणारा छोटा सेन्सर जोडून वेग दुरुस्त करता येतो. कॉलेजच्या एसी लॅबमध्ये मात्र ही चूक कधीच पकडली जाणार नाही.

शिवाय हे मॉड्यूल ओलावा सहन करत नाही. बंद टाकीत झाकणाच्या आतल्या बाजूला रात्री थेंब जमतात, ते त्या दोन डोळ्यांत शिरतात, जाळी गंजते. म्हणून पाणीरोधक तोंडाचं जेएसएन-एसआर०४टी घ्यायचं. त्याची वेगळीच खोड आहे. २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला काही दिसत नाही, आणि न दिसल्यावर ते गप्प बसेल असंही नाही. भलताच आकडा देऊ शकतं. आता टाकी भरत आली की पाणी नेमकं सेन्सरच्या जवळ येतं. म्हणजे ज्या क्षणी पंप बंद व्हायला हवा, त्याच क्षणी यंत्र आंधळं होतं. सेन्सर झाकणाच्या वर पाइपचा तुकडा लावून उंच बसवला तर हे टळतं, पण मग आवाज पाइपच्या भिंतीवर आपटून येतो. टाकीत उतरायची लोखंडी शिडी असेल तर तीही प्रतिध्वनी देते. एक अडचण सोडवली की दुसरी उभी राहते आणि प्रत्येक वेळी काय सोडायचं आणि काय धरायचं हे ठरवावं लागतं. डिझाइन म्हणतात ते हेच. पण ब्लॅक बुकमध्ये ‘डिझाइन’ या मथळ्याखाली फक्त सर्किट डायग्रॅम छापलेला असतो.

आता पॉवर सप्लाय. मला विचाराल तर विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट सर्वांत जास्त इथे मरतात, आणि मेल्यावर संशय प्रोग्रामवर घेतला जातो.

बारा व्होल्टच्या अडॅप्टरला ७८०५ जोडून पाच व्होल्ट काढायचे, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. वरचे सात व्होल्ट ७८०५ उष्णतेत घालवतो. सर्किटने ४०० मिलिअँपिअर घेतले तर २.८ वॅट. हीटसिंकशिवाय तो आयसी एवढी उष्णता सोसू शकत नाही. बोट भाजेल इतका तापतो आणि मग स्वतःला वाचवायला व्होल्टेज पाडतो. मोकळ्या टेबलावर डेमोपुरतं ते निभावून जाऊ शकतं. गच्चीवरच्या बंद डब्यात, मेच्या दुपारी, तासाभरात खेळ आटोपतो.

याहून शिकवणारा किस्सा जीएसएम मॉड्यूलचा. टाकी रिकामी झाली की सेक्रेटरींना एसएमएस जावा, ही कल्पना प्रत्येक ग्रुपला सुचते. त्यासाठी सिम८००एल हे मॉड्यूल घेतात. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. मुलं आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या पाच व्होल्टच्या पिनवरून, मध्ये एखादा डायोड टाकून, ते जोडतात. मॉड्यूलवरचा दिवा लुकलुकतो, नेटवर्क शोधतो, आणि मेसेज पाठवायची वेळ आली की मॉड्यूल रीसेट होतं. मल्टिमीटर लावला तर व्होल्टेज बरोबर दिसतं. मग प्रोग्राम तपासणं सुरू होतं, लायब्ररी बदलतात, सिम बदलतात, रात्री दोनला ग्रुपमध्ये भांडणं होतात. खरी गोष्ट अशी की जीएसएम पाठवणी सलग होत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांत एकदा, जेमतेम ५७७ मायक्रोसेकंदांपुरती होते, आणि तेवढ्या वेळात मॉड्यूल दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. पातळ जंपर वायर आणि अशक्त सप्लाय तेवढ्यात कोलमडतात. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्याला ही खाच दिसतच नाही. ती ऑसिलोस्कोपवर दिसते, आणि ऑसिलोस्कोप असतो लॅबच्या कुलपात. मॉड्यूलच्या पायांशी एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, जाड आणि आखूड वायर, आणि दोन अँपिअर देऊ शकणारा वेगळा सप्लाय, एवढ्यावर प्रश्न मिटतो. मग शेवटची गंमत. हे मॉड्यूल फक्त टूजीवर चालतं आणि जिओचं नेटवर्क टूजी देतच नाही. खिशातलं सिम काढून घालणाऱ्या ग्रुपची एक रात्र यातही जाते.

टूजी नको म्हणून वायफायकडे वळलेल्यांचं नशीब काही वेगळं नाही. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ चिप २०१४ मध्ये आली आणि दोन-तीनशे रुपयांत सर्किट इंटरनेटला जोडता येऊ लागलं. मोठीच सोय झाली, वादच नाही. पण गच्चीवर वायफाय कोणाचं? तळमजल्यावरच्या ऑफिसातला राउटर काँक्रीटच्या सात स्लॅबमधून वर पोचत नाही. वरच्या मजल्यावरचे शेजारी भले असले आणि त्यांनी पासवर्ड दिला, तरी त्यांनी तो बदलला त्या दिवशी टाकी मुकी होते. मोबाइलवर टाकीचं निळं चित्र वर-खाली होताना पाहून परीक्षक खूश होतात. सोसायटीला मात्र आधी पंप वेळेवर बंद व्हायला हवा आहे.

पंपापाशी तर विषय थेट जिवाशी येतो. एक हॉर्सपॉवरचा सिंगल फेज पंप चालताना पाच-सहा अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कैकपट. बाजारातल्या निळ्या रिले मॉड्यूलवर ‘१० अँपिअर’ छापलेलं असतं, ते बल्ब किंवा हीटरसारख्या सरळ भारासाठी. मोटारीने त्याच्या टोकांत ठिणगी पडते आणि कधीतरी टोकं एकमेकांना चिकटतात. चिकटल्यावर आर्डुइनोने कितीही ‘बंद’ म्हटलं तरी पंप चालूच. म्हणून रिलेने थेट पंप चालवायचा नाही. रिलेने कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची आणि कॉन्टॅक्टरने पंप. हे काम इलेक्ट्रिशियनसमोर, एमसीबी खाली करून करायचं. खालच्या टाकीत पाणी नसताना पंप कोरडा फिरला तर त्याचं सील जळतं, म्हणून खालीही एक सेन्सर हवा. पाणी हिंदकळल्याने पंप दर सेकंदाला चालू-बंद होऊ नये म्हणून सुरू करायची पातळी खाली आणि थांबवायची पातळी बरीच वर ठेवायची. आणि या सगळ्याच्या बाजूला एक साधा बायपास स्विच हवा, ज्याने यंत्र बाजूला सारून काका हाताने पंप लावू शकतील. मुलांना हा स्विच म्हणजे स्वतःच्या यंत्रावरचा अविश्वास वाटतो. वॉचमनकाकांना त्याच्याशिवाय बाकी काहीही नको असतं. दोघांत बरोबर कोण, हे ज्याच्या घरात सकाळी सातला नळ कोरडा गेला आहे त्याला विचारावं.

इतकं सगळं जोडायचं कशावर? ब्रेडबोर्ड हा फक्त कल्पना तपासण्यापुरता. त्याच्या आतल्या पट्ट्या सैल होतात आणि सर्किट हात लावला की चालतं, काढला की बंद. त्यानंतर झिरो पीसीबी, म्हणजे नुसत्या भोकांचा बोर्ड, ज्याच्या मागे सोल्डरच्या रेघा ओढून जोडणी करतात. पॅड गरम न होता जे सोल्डर नुसतं वर बसलं, ते ड्राय. दिसायला गोळा आणि आत जोडच नाही. ६३-३७ प्रमाणाचं कथिल आणि शिसं १८३ अंशांना वितळतं, पण पॅड आणि पाय दोन्ही तेवढे तापले नाहीत तर ते पसरत नाही. आपला पीसीबी स्वतः बनवायचा असेल तर लेसर प्रिंटरने गुळगुळीत कागदावर छापलेलं चित्र इस्त्रीने तांब्याच्या बोर्डवर उतरवायचं आणि बोर्ड फेरिक क्लोराइडच्या द्रावणात हलवत राहायचं. झाकलेलं तांबं उरतं, उघडं विरघळतं. भाड्याच्या खोलीच्या बाथरूममध्ये हा उद्योग करणाऱ्यांनी टाइल्सवरच्या तांबूस डागांची किंमत डिपॉझिटमधून मोजली आहे. शिवाय ते तांबंमिश्रित पाणी मोरीत ओतायचं नसतं, हे सहसा कोणी सांगत नाही. आता कीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर वापरून चित्र काढता येतं आणि फाइल पाठवली की तयार बोर्ड कुरिअरने येतो. डाग पडत नाहीत. पण बोर्ड यायला आठवडा लागतो आणि चूक निघाली तर आणखी एक, म्हणजे वेळेचं गणित आधी मांडावं लागतं. फेब्रुवारीत जागे होणाऱ्यांना ते जमत नाही.

तेव्हा फेब्रुवारीतले लोक लॅमिंग्टन रोडला जातात. मुंबईच्या एका जुन्या गव्हर्नरच्या नावाचा हा रस्ता कागदोपत्री कधीचाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला आहे, तरी बोलण्यात लॅमिंग्टनच राहिला. खांदेश्वरहून कुर्ला, तिथून दादर, तिथून ग्रँट रोड. जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. रविवारी बाजार बंद, म्हणजे कॉलेज बुडवूनच जावं लागतं. तिथल्या अरुंद गाळ्यांत रेझिस्टर शेकड्याने मिळतात आणि काउंटरमागच्या माणसाला कोणत्या आयसीचा कोणता पर्याय चालतो ते डेटाशीट न उघडता ठाऊक असतं. ऑनलाइन दुकानांनी हा फेरा बराच कमी केला. पुण्यातूनच पार्सल दोन-तीन दिवसांत येतं. मात्र ऑनलाइन दुकान ‘हे कशाला हवंय?’ असं विचारत नाही, आणि त्या एका प्रश्नाने पूर्वी बरेच प्रोजेक्ट वाचले आहेत.

याच बाजाराला दुसरंही अंग आहे. तयार प्रोजेक्ट. विषय सांगा, पैसे द्या. सर्किट, प्रोग्राम, रिपोर्ट आणि व्हायवाचे प्रश्नसुद्धा मिळतील. यावर नाकं मुरडणं सोपं आहे. मला यात मुलांचा दोष सगळ्यात कमी दिसतो. लॅब संध्याकाळी पाचला बंद होते. एका गाईडकडे कित्येक ग्रुप असतात. परीक्षकाला एका सकाळी इतके प्रोजेक्ट उरकायचे असतात की प्रत्येकाला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. या दहा मिनिटांत एकच प्रश्न मावतो: “आउटपुट दाखवा.” आउटपुट विकत मिळतं. महिनाभर चाललेली झटापट विकत मिळत नाही, पण तिच्याबद्दल विचारायला वेळच नसतो. जी गोष्ट तपासलीच जात नाही ती मुलांनी का करावी?

बाजार नसताना मुलं फार ग्रेट होती असंही मी म्हणणार नाही. ५५५ टायमरवरचे प्रोजेक्ट तेव्हाही एकमेकांचे बघून होत. हान्स कामेनझिंडने १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेला हा आयसी पुढच्या वर्षी बाजारात आला आणि अजून मिळतो. त्यानंतर इंटेलचा १९८० चा ८०५१ आला. आपल्या अभ्यासक्रमांनी त्याला असा धरला की इटलीतल्या इव्रेयामध्ये २००५ मध्ये आर्डुइनो जन्माला येऊन जगभर पसरला, तरी वर्गात ८०५१ चे १२८ बाइट्स मोजणं चालूच राहिलं. आर्डुइनोने सर्किट जोडणं सोपं केलं, हे चांगलंच झालं. पण सोपं झाल्यामुळे जो वेळ वाचला तो टाकीवर खर्च व्हायला हवा होता, तो मोबाइल अ‍ॅपच्या रंगसंगतीवर झाला.

विद्यार्थ्यांनी केलेलं सर्किट टेबल सोडून किती लांब जाऊ शकतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी २००८ मध्ये एक उपग्रह करायला घेतला. नाव ‘स्वयम्’. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन साधारण एक किलो. २२ जून २०१६ ला सकाळी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ निघालं, त्यातल्या वीस उपग्रहांत तो होता. सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर त्याला सोडण्यात आलं. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा दहा किलोचा ‘प्रथम’ पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. त्याचं काम २००७ पासून चाललं होतं.

‘स्वयम्’मधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यात काय ठेवलं नाही. उपग्रह अवकाशात गटांगळ्या खात राहिला तर त्याचा अँटेना भलतीकडे वळतो. त्याला वळवून धरायला मोठे उपग्रह फिरती चाकं आणि विजेची कॉइल वापरतात. एक किलोच्या ठोकळ्यात एवढी वीज कुठून आणणार? मुलांनी आत एक कायमचा चुंबक बसवला, जो होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे वळतो, आणि मऊ चुंबकीय धातूच्या काही सळ्या बसवल्या, ज्यांत डोलण्याची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. वीज शून्य, प्रोग्रामची ओळ एक नाही, बिघडायला काही नाही.

पाचशे किलोमीटर उंचीच्या अशा कक्षेत उपग्रह साधारण पंचाण्णव मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतो, त्यातला साधारण एक तृतीयांश वेळ सावलीत. बॅटरी दिवसातून पंधरा वेळा भरायची आणि पंधरा वेळा वापरायची. पुण्याच्या डोक्यावर तो एका वेळी फार तर दहा-अकरा मिनिटं असतो. काही अडलं तर स्क्रूड्रायव्हर घेऊन वर जायची सोय नाही. रीसेटचं बटण दाबायला कोणी नाही. म्हणून चिप अडकली तर तिनेच स्वतःला उठवावं लागतं, व्होल्टेज पडलं तर काय सोडून द्यायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि कंपन, निर्वात, उष्ण-थंड या सगळ्या चाचण्यांतून सोल्डरचा प्रत्येक टाका पार पडावा लागतो. खांदा कॉलनीतल्या गच्चीवरच्या डब्याला यातलं बरंचसं लागू पडतं, फक्त तिथे जिना आहे. आर्डुइनोच्या एटीमेगा ३२८ चिपमध्येही वॉचडॉग टायमर असतोच: प्रोग्राम आठ सेकंदांपर्यंत हलला नाही तर चिप आपणहून पुन्हा सुरू होते. फुकट मिळालेली सोय आहे. विद्यार्थ्यांच्या प्रोग्राममध्ये ती क्वचित दिसते.

पण ‘स्वयम्’ला लागलेली आठ वर्षं म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या दोन पूर्ण पिढ्या. ज्यांनी सुरुवात केली ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पास होऊन गेले. काम टिकलं ते सीनिअरनी ज्युनिअरच्या हाती सोपवल्यामुळे. काय केलं याइतकंच काय जमलं नाही आणि का, हेही पुढच्या बॅचला कळलं नसतं तर प्रत्येक बॅच पहिल्यापासून सुरू झाली असती. आपल्या ब्लॅक बुकमध्ये नेमकं हेच नसतं. त्यात सगळं पहिल्या फटक्यात चाललेलं असतं. जळलेला रेग्युलेटर नाही, चिकटलेला रिले नाही, रीसेट होणारं मॉड्यूल नाही. मुलांनी ते भोगलेलं असतं, फक्त लिहायची पद्धत नाही. वीस रुपयांच्या वहीत तारीख घालून रोज काय बिघडलं ते लिहिलं, आणि ती वही ब्लॅक बुकच्या जागी परीक्षकासमोर ठेवली, तर विकतचा प्रोजेक्ट ओळखायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

परीक्षकाकडेही दहा मिनिटांत करण्यासारखं काही आहे. आउटपुट दाखवून झालं की टेबलाचा मेन स्विच बंद करायला सांगावा आणि दहा सेकंदांनी चालू करायला. वीज गेली-आली की यंत्र शहाण्यासारखं पुन्हा सुरू होतं का? पंप बंद ठेवून आधी पातळी मोजतं, की उठल्या उठल्या रिले खटकन लावतं? मग सेन्सरची वायर उपटावी. वायर तुटल्यावर यंत्राला टाकी रिकामी वाटत असेल तर ते रात्रभर पंप चालवील. महावितरणची वीज आणि गच्चीवरचे उंदीर या दोन्ही चाचण्या एरवीही घेणारच आहेत.

आता अडचण व्यवस्थेची. एखाद्या ग्रुपने गेल्या वर्षीच्या सीनिअरचं टाकीचं सर्किट पुढे न्यायचं म्हटलं, तर बहुतेक ठिकाणी पहिला शेरा मिळतो की हा टॉपिक झालाय, नवीन आणा. म्हणून दर वर्षी नवीन नाव, नवीन प्लायवूड, आणि अडचणी त्याच. सीओईपीत हाच टॉपिक आठ वर्षं झाला. इथे तीन वर्षं तरी होऊ द्यावा. पहिल्या बॅचने सोसायटीची परवानगी काढून फक्त पातळी मोजावी, पंपाला हात लावू नये, आणि एक उन्हाळा, एक पावसाळा सेन्सर टाकीत टिकतो का ते पाहावं. दुसरीने पॉवर सप्लाय आणि डबा करावा. तिसरीने कॉन्टॅक्टर जोडावा, आणि तो जोडण्याआधी वॉचमनकाकांना गच्चीवर नव्हे, खाली मीटररूममध्ये गाठून विचारावं की बायपास स्विच कोणत्या उंचीवर लावू.